त्या गाण्यावरचा सिनेमा

"बाई, चुंबनाच्या वेळी गाणं जरा ओढून वाजवा. लोकांचे रुमाल ओले झाले पाहिजेत!" असं म्हणत थिएटरचे मालक पोलमनसाहेब पिचकारीने थिएटरभर गुलाबाचं अत्तर उडवू लागले. ओले कोट, घाम आणि वर ते अत्तर. पियानोपाशी बसलेल्या ओटिलीने नाकावर हात धरला.

बर्लिनच्या त्या लहानशा थिएटरात ती मूकपटांना पियानोची साथ करायची. सध्या, शहरभर सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका गाण्यावरून काढलेला प्रेमपट लागला होता. लढाईवरून शिपाई परततो, नदीकाठी प्रेयसी वाट पाहत असते. शिपायाच्या कपाळावर इवलीशी स्वच्छ पट्टी. रोज तीन खेळ आणि प्रत्येक खेळात तेच गुळचट गाणं नऊ वेळा.

तिचा नवरा राइनहोल्ड लढाईवरून परतला तो अर्धा जबडा गमावून. आठ वर्षं तो दिवसाउजेडी घराबाहेर पडला नव्हता. आज मात्र म्हणाला होता, "तू वाजवतेस ते एकदा ऐकायचंय मला." दुपारच्या खेळाला तो शेवटच्या रांगेत येऊन बसला.

रीळ बदलायला दिवे लागले. मागे कुणीतरी बाई "शी!" म्हणून ओरडली. पोलमन धावत पियानोपाशी आले.

"तो मागे कोण बसलाय? गिऱ्हाइकं उठायला लागलीत. माणसं इथं प्रेम बघायला येतात हो!"

"माझा नवरा आहे तो."

पोलमननी तोंडातली पेपरमिंट या गालातून त्या गालात नेली. "असं होय... मग यंत्राच्या खोलीत बसू दे त्यांना. फटीतून दिसतं थोडंफार."

दिवे मालवले. चुंबन आलं. ओटिलीने हात मांडीवर ठेवले. यंत्राची खडखड तेवढी ऐकू येत होती. पडद्यावर दोन भलीमोठी तोंडं माशांसारखी उघडझाप करत होती. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वाजवा!" पोलमन दातओठ खात म्हणाले.

"नाही वाजवत. किळस येते मला."

ती उठून सरळ शेवटच्या रांगेकडे गेली.

"ओटिली, नोकरी जाईल," राइनहोल्ड अडखळत म्हणाला.

"गेलीच. ऊठ तू."

बाहेर लख्ख ऊन होतं. तो मागच्या गल्लीकडे वळू लागला. तिने त्याचा दंड धरून त्याला हमरस्त्यावर आणलं.

"शेवटी काय होतं गं त्यांचं?"

"लग्न."

"मग?"

"मग दिवे लागतात."

तो घशातल्या घशात हसला. समोरून येणारी माणसं त्याच्याकडे बघून बाजूला होत होती. मोकळ्या होत जाणाऱ्या फूटपाथच्या मधोमध दोघं सावकाश चालत राहिली.