सिर्क्काच्या नाकावरची रेघ

आमच्या फिनलंडमधल्या कागद गिरणीत निवृत्तांना शाल-बिल पांघरवत नाहीत, त्यांचा फोटो छापतात. तोही त्यांनी शेवटच्या दिवशी केलेल्या चकचकीत कागदावर. मग तो कॅन्टीनच्या भिंतीवर कायमचा. कागदावर रेघ आली, की ती चेहऱ्यावरही आलीच. भिंतीवरच्या निवृत्त ओस्मोच्या नाकावरून एक रेघ अठरा वर्षं चालली आहे.

"पातं पुसलं असतंस तर बरं झालं असतं!" सिर्क्का त्याला भेटेल तिथे सुनावते.

सिर्क्का आमच्या लेपाची मुख्य आचारीण. पांढरी माती, खडूची भुकटी आणि चिकटण घुसळून ती सायीसारखा लेप करते. तो धावत्या कागदावर चढतो, पोलादी पातं जास्तीचा खरवडतं, मग वाळवण, मग रुळांची इस्त्री. शाई आत मुरत नाही, वर बसून मिरवते. पात्याखाली एक कण अडकला, की मिनिटाला दीड किलोमीटर रेघ.

शुक्रवार सिर्क्काचा शेवटचा. केस सेट करून आली होती. "माझा चेहरा स्वच्छ निघणार, बघाच!" सगळ्यांसाठी वेलचीचे पुल्ला पावही आणले होते. जुनी मंडळी जमली, ओस्मोसुद्धा. सिर्क्का यंत्राचा निरोप घ्यायला पात्यापाशी गेली.

"रेघ!" तपासणीच्या पडद्यावर बघत मी ओरडलो.

यंत्र थांबलं. सिर्क्कानेच कण काढला, हुंगला.

"वेलची."

सगळ्यांनी तिच्या दुसऱ्या हातातल्या अर्ध्या पावाकडे पाहिलं. मग डोक्यावरच्या पाटीकडे : 'येथे खाऊ नये.' अक्षर तिचंच.

ओस्मो खाकरला. "माझ्या वेळीही हाच वास होता."

"म्हणजे?"

"तेव्हाही पाव तूच केले होतेस. इथेच उभी राहून खात होतीस."

"आणि अठरा वर्षं गप्प बसलास, मेल्या?"

"तू कुठे विचारलंस?"

आधी सिर्क्कालाच हसू फुटलं. मग ओस्मो इतका हसला, की त्याची कवळी लेपाच्या बादलीत गेली. ती चकचकीत होऊन निघाली.

"पुढचा कागद स्वच्छ आहे, त्यावर छापू," मी म्हणालो.

"खबरदार! रेघेचाच तुकडा काप."

आता दोघं भिंतीवर शेजारी आहेत. रेघ त्याच्या नाकातून निघते ती थेट तिच्या नाकात शिरते.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. सिर्क्काला पाव सांगून ठेवलेत.