भिंतीचं विरजण

मोहगावच्या जयवंताबाईवर भिंतीला विरजण लावायची वेळ आली, ती लेकीच्या, डिंपलच्या नऊ दिवसांच्या बाळापायी.

नागपूरच्या एका कंपनीनं गल्लीतली दोन घरं निवडून भिंतीत कसल्याशा मिठाच्या बंद पेट्या फुकट बसवल्या होत्या. दिवसा उन्हानं ते मीठ वितळायचं, संध्याकाळी गोठायचं, आणि गोठता गोठता साठवलेली ऊब खोलीत सोडायचं. शेजारच्या मंगलाबाईची भिंत दिवेलागणीला इमानानं गरम होई. जयवंताबाईचं मीठ मात्र डिसेंबरच्या थंडीतही पातळच. नर्सबाईनं बाळाजवळ शेगडी ठेवायची नाही म्हणून बजावलेलं, हीटर लावला की फ्यूज उडायचा, आणि बाळाचे तळवे गार पडत चाललेले. जयवंताबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पेट्या बसवणाऱ्या विनोदला तिनं फोन लावला. तो म्हणाला, कधीकधी हे मीठ गोठायचंच विसरतं. गोठलेल्या मिठाचा एक कण आत टाका, त्याच्या नादानं बाकीचं गोठेल.

"विरजनच म्हन ना मंग सरळ," जयवंताबाई म्हणाली आणि वाटी घेऊन मंगलाबाईच्या दारात उभी राहिली.

मंगलाबाईनं कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना पेटीलाच भोक पाडलं होतं. तिथून पाझरलेलं मीठ खिळ्याभोवती गोठून बसलेलं, तेच तिच्या घरचं विरजण. पण वाटी दिसताच ती उंबऱ्यात आडवी झाली. दिवे लागल्यावर घरातून मीठ देऊ नये, विरजण तर मुळीच देऊ नये, लक्ष्मी जाते. आणि हे बेणं तर दोन्ही होतं. बाळालाच इकडे आणावं, तर बारशाआधी त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत.

शेवटी मंगलाबाईच म्हणाली, "मी काही देऊन नाही राहिली. पन चोरी झाली, तं लक्षुमी मले काऊन बोलन?"

ती भिंतीकडे पाठ करून बसली. जयवंताबाईला चोरीची सवय नव्हती, म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या. खिळा सापडेना, तेव्हा पाठमोऱ्या मंगलाबाईनंच कॅलेंडरमागे बघायला सांगितलं. जयवंताबाईनं चमच्यानं खरवडून खिळा लख्ख केला. ती बाहेर पडताच मंगलाबाईनं दारात येऊन, लक्ष्मीला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्याकडे चोरी झाल्याचं गल्लीला कळवलं. मग हळूच बाळाची चौकशी केली.

घरी जयवंताबाईनं एकेका पेटीचं बूच काढून चिमूट चिमूट मीठ टाकलं. आतलं पाणी बघता बघता पांढरं झालं, दाट झालं, आणि भिंत ऊब देऊ लागली. तासाभरात बाळाचे तळवे कोमट झाले. ते गालाला लावून जयवंताबाई रडली. उरलेली चिमूट तिनं कुंकवाच्या डबीत जपून ठेवली, कारण विरजण कुणी सगळं संपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि मंगलाबाई शाल गुंडाळून, कुडकुडत दारात आली. खिळ्यावर कणही उरला नव्हता, आणि तिची भिंत गार ती गारच. तिच्या हातात वाटी नव्हती.

"मागाले नाही आली," ती म्हणाली. "चोराले आली."

जयवंताबाईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"डबी लक्षुमीच्या फोटोमागं हाय," ती म्हणाली. "चपला बाहेर काढजो."