बिघाडाची वही

चाळीस वर्षं लिफ्टच्या पोकळीत लोंबकळून ज्या माणसाच्या अंगावर साधा ओरखडा आला नाही, तो रिटायर झाल्यावर घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढला आणि धाडकन खाली आला. उजव्या पायाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. बाबांना हाडापेक्षा लाजच जास्त दुखत होती, त्यात आई येईल त्याला सांगायची, "स्टुलावरून हो! चौथ्या मजल्यावरून नाही, स्टुलावरून!"

पहिल्या आठवड्यात बाबांनी पेपर जाहिरातींसकट वाचून काढला आणि आईच्या प्रत्येक कामात नाक खुपसलं. शेवटी आईनं हात जोडले. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ते थोरलीला म्हणाले, "तो तुझा खेळ आहे ना गं अजून? मला लावून दे बघू."

थोरली चहा पीत होती, तिला ठसकाच लागला.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. वय चौतीस, नोकरी दातांच्या लॅबमध्ये. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ही कॅप बनवायची, घासून घासून केसभर फरकही ठेवायची नाही. उरलेल्या वेळात हिचा दुसरा उद्योग असाच, दुरुस्तीचा. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक खेळ होता. त्यात आपण एक पात्र घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, कुणाची कामं करायची, कुणाशी भांडायचं. खेळ सोन्यासारखा, पण म्हातारा. आजच्या कॉम्प्युटरवर लावला की माणसं वारं प्यायल्यासारखी धावत सुटायची, अक्षरं मुंगीएवढी दिसायची आणि एका ठरावीक पुलावर गेलं की सगळं बंद पडायचं. बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात झटकले होते. मग जगभरच्या हौशी लोकांनीच ठिगळं लावायला घेतली, पॅच म्हणतात त्यांना. त्या लोकांच्या फोरमवर थोरलीचं नाव होतं 'दाढ', आणि दाढेचा शब्द तिथं शेवटचा मानला जायचा.

कारण पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका तिनं लिहिली होती. नवा माणूस आला की हौसेनं चाळीस मॉड म्हणजे वरचे जोड चढवतो, नव्या तलवारी, नवे चेहरे, नवी गाणी, आणि मग एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून तिचे नियम कडक होते. जे मोडलंय तेवढंच दुरुस्त करा. आधी प्रत काढून ठेवा. आणि एकदा खेळ सुरू झाला की मध्येच नवा पॅच घालू नका, कितीही मोह झाला तरी नाही. हे शेवटचं तिनं लाल अक्षरात लिहिलं होतं.

तर ठसका याचा नव्हता. ठसका अठरा वर्षांपूर्वीचा होता. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष होतं, चाचणीत थोरलीनं दिवे लावले होते, आणि बाबांनी ती क्लासला गेल्यावर कॉम्प्युटरवरून तो खेळ पुसून टाकला. नुसता खेळ नाही, तिनं जिथवर आणला होता ते सगळं. एकशे साठ तास. नदीपलीकडच्या गावात तिनं घर बांधलं होतं, वाटेत भेटलेली निराधार माणसं एकेक करून त्यात आणून ठेवली होती. घरी आली, पाहिलं, रडली नाही की आदळआपट नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. परीक्षेत पास झाली, नोकरीला लागली, घरात सगळ्यांशी नीट वागली. पण स्वतःचं म्हणून काही सांगणं त्या दिवशी थांबलं ते थांबलंच. तो विषय पुन्हा बाबांनी काढला नाही, तिनंही नाही.

आणि आता हे म्हणतात, लावून दे!

तिला राग यायला हवा होता. आला नाही. बाबांनी एकदा ते गाव बघावं, एवढंच तिला हवं होतं. नदी ओलांडून पलीकडे जावं आणि कळावं त्यांना, आपण काय पुसलं ते. इतकी वर्षं हे आपल्याला हवं होतं हे तिलाही त्या संध्याकाळीच कळलं.

तिनं दोन दिवस लावून फक्त चार पॅच घातले. एक वेगासाठी, एक रुंद पडद्यासाठी, एक त्या पुलासाठी आणि चौथा अक्षरं मोठी करायला. बाबांचा पाय स्टुलावर (त्याच स्टुलावर, आईनं मुद्दाम तेच दिलं), मांडीवर उशी, हातात माउस.

"शत्रू कोण आहे यात?" बाबांनी विचारलं.

"ते तुम्हीच शोधायचंय."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

बाबा खेळले ते लिफ्ट तपासल्यासारखे. कपाटातून कामावरचं एक कोरं रजिस्टर काढलं. त्यात छापील रकाने होते, तारीख, बिघाड, कारण, उपाय, सही. नोकरीत त्यांचा एकच धर्म होता: बिघाड लपवायचा नाही. ज्याच्या हातून झाला त्यानं लिहायचा आणि खाली सही ठोकायची. आता त्याच वहीत लिहिलं जाऊ लागलं, 'गिरणीचं दार उघडत नाही. कारण: किल्ली सुताराकडे. उपाय: सुताराशी गोड बोलणे.' खाली झोकदार सही. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की उचलायचे. खिळे, पहारी, दोरखंड. थोरली हसायची, "बाबा, एवढ्या ओझ्यानं चालता येणार नाही हं." तर म्हणायचे, "असू दे, वेळेला उपयोगी पडतं."

आणि खेळ साठवायचे कायम एकाच जागी. आधीच्यावरच नवा. तिनं सांगून पाहिलं, वेगवेगळ्या जागी ठेवा. "एका लिफ्टला एकच रजिस्टर," बाबा म्हणाले, विषय संपला.

एकतीस तासांत ते नदीपर्यंत पोचले आणि अडकले. नावाडी बोलेचना. नावेपाशी उभा, समोर गेलं की पाठ फिरवायचा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. वहीत रोज तेच, 'नावाडी बोलत नाही. कारण: माहीत नाही.' पाचव्या दिवशी बाबा जांभई देत म्हणाले, "बघू, नाहीतर राहू दे आता." नदीच्या काठाशी येऊन सोडणार? एवढं आल्यावर?

तिला नावाड्याचं दुखणं पाठ होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. फोरमवर शंभरदा चर्चा झालेला जुना दोष: वाटेतल्या विधवेशी आधी बोललं तर नावाडी मुका होतो. त्याला छोटासा पॅच आहे. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा टॅक्सीनं एक्सरेला गेले. थोरलीची लॅब अकराला होती. तिनं कॉम्प्युटर लावला. लाल अक्षरातला नियम आठवला नाही असं नाही, चांगला आठवला. पण आपणच लिहिलेला नियम आपल्याला थोडाच लागू होतो! प्रतही काढली नाही, दोन मिनिटांच्या कामाला प्रत कसली? पॅच घातला, नावाड्यासमोर गेली, तो बोलला. शाब्बास! तिनं खेळ साठवला. बाबांच्या त्याच एकुलत्या एका जागी, त्यांच्या एकतीस तासांवर. बंद करून खात्रीसाठी पुन्हा उघडला.

काळा पडदा.

पुन्हा उघडला, काळा. पॅच काढला, तरी काळाच. नव्या पॅचनं आतल्या सगळ्या वस्तूंचे क्रमांक सरकले होते, आणि जुन्या-नव्याची अशी खिचडी झाली होती की खेळालाच आपलं काही ओळखू येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नवख्या पोराठोरांना तिनं याच चुकीवरून झापलं होतं.

निदान बाबा कुठवर आले होते ते पाहून तेवढं पुन्हा उभं करता येईल का, म्हणून तिनं वही ओढली. शेवटची नोंद त्याच दिवसाची होती, सकाळी निघण्याआधी लिहिलेली. 'नावाडी बोलत नाही. कारण: झोपडीबाहेरचा दोर आपण उचलला, तो त्याचा होता. उपाय: एक्सरेहून आल्यावर परत करणे.'

थोरलीनं ते तीनदा वाचलं. म्हणजे यात दोष नव्हताच! खेळ बरोबर चालला होता. ज्याचं उचललं तो रुसला होता, एवढंच; पॅचनं त्याला जबरदस्तीनं बोलतं केलं होतं. तिला हे कधी दिसलं नाही, कारण तिनं त्या झोपडीवरून कधी काही उचललंच नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि बाबांनी, महिन्यापूर्वी पहिल्यांदा खेळाला हात लावलेल्या बाबांनी, ते शोधून काढलं होतं.

खाली टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर कुबड्यांची ठकठक, मागून आईचं "सावकाश, सावकाश." थोरलीच्या मनात खोटं तयार होतं. जुना खेळ आहे बाबा, पडतो कधीकधी आपोआप. त्यांनी विश्वास ठेवला असता. तिच्याशिवाय यातलं घरात कळत कुणाला होतं!

बाबा आत आले ते घाईतच. "सर, सर, बसू दे. सापडलं मला! तो बोलत का नाही ते सापडलं!"

"बाबा," थोरली म्हणाली, "खेळ गेला."

"गेला म्हणजे?"

"माझ्या हातून गेला. तुम्ही अडकलात म्हणून मी मध्ये हात घातला. घालायचा नसतो, मला माहीत होतं. तुमचे एकतीस तास गेले, परत येणार नाहीत." आणि मग तिला रडूच आलं, चौतिसाव्या वर्षी, लॅबचा डबा हातात धरून.

आई दारात थबकली. बाबा खुर्चीत टेकले, काळ्या पडद्याकडे बघत राहिले. चेहरा उतरला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"सुताराचं पोर," ते म्हणाले. "त्याला मी शाळेत घातलं होतं."

"हो."

"तेही गेलं?"

"सगळं गेलं, बाबा."

बाबांनी वही तिच्यापुढे सरकवली, पेन दिलं. थोरलीला रीत माहीत होती. तिनं लिहिलं, 'खेळ उघडत नाही. कारण: न विचारता हात घातला, प्रत काढली नाही.' उपायाचा रकाना कोरा ठेवून सही केली.

बाबांनी वही परत घेतली, चष्मा चढवला. तिला वाटलं, आपलं लिहिलेलं तपासतायत. पण ते खालच्या ओळीवर लिहीत होते. तारखेच्या रकान्यात अठरा वर्षांपूर्वीचं साल घातलं. महिना आठवायला थांबावं लागलं नाही.

"तुझे किती होते गं?" वर न बघता त्यांनी विचारलं.

"एकशे साठ."

त्यांचं पेन थांबलं. "एकशे साठ," ते पुटपुटले. "आणि मी एकतिसाला असा बसलोय."

ते लिहीत राहिले, वळणदार अक्षरात, कामावर लिहायचे तसं. लिहून झाल्यावर वही तिच्याकडे फिरवली. 'बिघाड: थोरली आपलं काही सांगत नाही. कारण: तिचं होतं ते आपण न विचारता पुसलं.' सही केलेली. उपायाचा रकाना कोरा.

"इथं काय लिहू ते मला येत नाही," बाबा म्हणाले. "तू सांग."

थोरलीनं डोळे पुसले. लॅबला उशीर झाला होता. तिनं फोन काढून आज येत नाही म्हणून कळवलं, आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी टेकली.

"नदीपलीकडे माझं एक घर होतं," ती म्हणाली. "त्यात कोण कोण राहायचं ते सांगते."

"थांब," बाबा म्हणाले आणि वहीचं कोरं पान उघडलं. "सावकाश सांग. मी लिहून घेतो."