आवतन

सारिकाने पिल्लू दोन बोटांत उचललं आणि घरट्यापासून लांब, पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. अंगठ्याएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं भुशात वळवळत राहिली.

“आता हे काऊन?” दाराशी स्टुलावर बसलेल्या जनकाबाईंनी विचारलं. “चांगली मायेखाली होती ना.”

“पाहाचं राह्यते माय, ते त्यायले उचलून आनते का नाई.”

“आन्नार नाई तं काय. माय हाय ना ते.”

जनकाबाईंच्या लुगड्यावर पांढरा अ‍ॅप्रन होता, तोंडाला मास्क, डोक्यावर निळी टोपी, पायांत प्लास्टिकचे मोजे. सारिका संशोधन करत असलेल्या बुलढाण्याच्या फार्मसी कॉलेजातल्या उंदीरखोलीत एवढं नटल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. बाहेरच्या आरशात बघून त्या लेकीला म्हणाल्या होत्या, “कोनाचं आपरेशन करू सांग.”

सकाळच्या पहिल्या एसटीने त्या संग्रामपूरजवळच्या गावाहून लेकीला पोळ्यासाठी न्यायला आल्या होत्या. फोन करता आला असता. पण फोनवर माणूस नुसतं ‘हो हो’ म्हणतं आणि तोंड कसं झालं ते दिसत नाही. आणि यंदाची गोष्ट तोंड बघून बोलायची होती.

गोष्ट म्हटली तर एका ताटाची. दरवर्षी सारिका गावात शिरली की आधी गोकर्णाच्या दारात जायची. गोकर्णा म्हणजे जनकाबाईंची थोरली जाऊ, सारिकाची मोठी माय. पुरणपोळीचा पहिला घास तिथे व्हायचा आणि मग भिंतीला वळसा घालून लेक स्वतःच्या घरी यायची, अर्ध्या पोटाने जेवायची. अंगण पूर्वी एकच होतं. भिंत जनकाबाईंनी घालायला लावली, त्यालाही आता तीस वर्षं होत आली.

“सांगून ठेवतो,” मास्कमधून जनकाबाई म्हणाल्या, “औंदा पह्यला घास माह्या घरचा. मंग जा कुठं जाचं तं.”

सारिकाने मान हलवली. ती हो म्हणाली की नुसतं ऐकून घेतलं म्हणाली, ते टोपी-मास्कमधून काही कळलं नाही. तिने घड्याळाचं बटण दाबलं आणि दोघी पिंजऱ्याकडे बघू लागल्या.

पांढरी उंदरीण घरट्यात बसली होती. तिने पुढचे पाय चाटले. कानामागून पंजा फिरवला. एकदा पिल्लांच्या दिशेने नाक नेलं, जनकाबाई स्टुलावरून पुढे सरकल्या, आणि तिने नाक परत घेतलं.

“कैदाशीन हाय वं ही!” जनकाबाई उसळल्या. “पोटची लेकरं उघडी पडली अन् इचं आपलं चाटनं चालू!”

“शिव्या नको देऊ माय. तिचा काई गुन्हा नाई.”

“मंग कोनाचा? माहा?”

सारिका वळली. आईकडे क्षणभर बघितलं, आणि मग पुन्हा पिंजऱ्याकडे बघत, शाळेतल्या मुलांना सांगावं तशा आवाजात सांगू लागली.

“पोटात लेकरू असते तवा मेंदूत एक स्टेरॉइड भरपूर राह्यते. मन निवांत ठेवते. बाळंत झाली का ते एकदम उतरते. बऱ्याच जनींचं निभते. एखादीचं नाई निभत. मंग लेकरू समोर असते, दिसते, रडलेलं आयकू येते, पन घ्यावं असं आतून उठतच नाई. इले आमी दवा देऊन ते स्टेरॉइड बनूच देल्लं नाई.”

“म्हंजे तुमीच केली हे गत इची?”

“हाव. आमीच. म्हनून तं म्हनतो, इले नको बोलू.”

जनकाबाईंनी यावर जरा विचार केला. “स्टेरॉइड म्हंजे तेच ना, कडूबाचं पोट्टं जिममंदी घेते ते?”

“त्याच घरान्यातलं. पन हे सोभावानं गरीब हाय.”

दोघी हसल्या. हसणं संपलं, तरी जनकाबाई उंदरिणीवरून नजर काढेनात. मग बाजारात वांग्याचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं, “बाईमानसाचंबी असंच होते?”

“होते.”

“बाहेरचं-गिहेरचं काई नसते?”

“नसते माय.”

“इतलंच असते?”

“इतलंच.”

जनकाबाईंचा डावा हात उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, वरखाली फिरत राहिला. सारिकाच्या वेळी हे हात त्यांच्या खांद्याला नुसते टांगलेले होते. फडक्यात गुंडाळलेलं लेकरू समोर रडायचं आणि त्या त्याच्याकडे शेजाऱ्याच्या बकरीकडे बघावं तसं बघायच्या. उतारे झाले, दोरे झाले, सासूने सात पिढ्या उद्धरल्या. मग एका दुपारी गोकर्णा आली. तिचं धाकटं पोर अजून अंगावर पीत होतं. काही न बोलता तिने सारिकाला उचललं आणि पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. जनकाबाईंचे हात कधीतरी परत आले, पण तोवर उशीर झाला होता. गोकर्णाने लेकरू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि लेकराने टाहो फोडून दोन्ही हात गोकर्णाकडे केले. तो टाहो काही त्यांच्या कानातून गेला नाही. लळा लावून पोरगी पळवली, एवढं एकच वाक्य धरून त्यांनी भिंत बांधली.

सारिकाने घड्याळ बंद केलं. शेजारचा पिंजरा उघडून तिथला मूठभर भुसा घेतला आणि पिल्लांच्या अंगाला हलकेच चोळू लागली.

“हे काय लावतं त्यायले?”

“त्या दुसरीखालचा भुसा. तिचा वास आला का ते आपलंच समजून घेते.”

दुसरीच्या पिंजऱ्यात पिल्लं ठेवल्याबरोबर ती उठली. हुंगलं. पहिल्याला अलगद तोंडात धरलं आणि घरट्यात नेलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्याच्या वेळी दमून थांबली, पण गेली. मग सगळ्यांवर कमान करून बसली.

“तिची सोताची नाईत का?”

“हायेत ना. ते तिचीच, अन् हे वरून.”

“नसती घेतली तं?”

सारिका हातमोजे काढत होती. “रातीतून थंडी पडतात लेकरं,” ती म्हणाली.

जनकाबाईंनी पुन्हा पहिल्या पिंजऱ्याकडे बघितलं.

“अन् या पह्यलीचं डोकं जाग्यावर आलं म्हंजे?”

“मंग देतो आमी वापस. घेते ना ते. चांगली घेते.”

“दुसरी देऊ देते?”

“आडवी येते थोडी.” सारिकाने मोजे डब्यात टाकले. “मंग देते.”

निघताना जनकाबाई पहिल्या पिंजऱ्यापाशी थांबल्या. उंदरीण रिकाम्या घरट्यात अंग चोरून बसली होती. जनकाबाई वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “येतो वं बाई.”

एसटी राजूरचा घाट उतरली, मोताळा गेलं, नांदुरा गेलं. येरळीच्या पुलाखाली पूर्णा गढूळ, भरून वाहत होती. सारिका डोळे मिटून बसली होती. जनकाबाईंनी समोरच्या सीटच्या दांडीला विचारावं तसं विचारलं,

“तुले कोनं सांगतलं होतं?”

काय, असं सारिकाने विचारलं नाही.

“मोठ्या मायनं. मी कॉलेजात गेली तवा.”

“काय म्हने?”

“म्हने, तुही माय बिमार होती. बिमारीचं नाव आमाले मालूम नोतं, पन बिमारीच होती. कोनी काई सांगन तं आयकू नको.”

पूल संपला. जनकाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि गाव येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

फाट्यावर उतरून दोघी गल्लीत शिरल्या. उजवीकडे गोकर्णाचं दार, डावीकडे त्यांचं. सारिकाचं पाऊल सवयीने उजवीकडे वळलं, थांबलं, आणि ती आईमागून डावीकडे गेली. सकाळची आईची अट तिने पाळली होती. जनकाबाईंनी ते पाहिलं.

अंगणात सारिकाचे वडील शंकरराव बैलांचे खांदे शेकत होते. गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या. ट्रॅक्टर घ्या म्हणणाऱ्यांना ते ‘पाहू’ म्हणत, आणि बैल पाळत. पळसाचं पान हळद-लोण्याच्या वाटीत बुडवायचं, जू बसून घट्टे पडलेल्या खांद्यावरून फिरवायचं, आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी म्हणायचं ते म्हणायचं.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” शंकरराव पहिल्या बैलाच्या कानाशी म्हणाले, आणि दुसऱ्याकडे वळणार तोच त्यांच्या हातातून वाटी गेली.

“अवं, याचा राह्यला ना!”

“त्याले थांबू द्या जरासक,” जनकाबाई म्हणाल्या. पळसाचं एक पान उचललं आणि निघाल्या. भिंतीत दार ठेवलेलं नव्हतं, म्हणून रस्त्यावरून जावं लागलं.

गोकर्णा ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसली होती. नजर अधू झालेली, त्यामुळे निवडणं बोटांनी चाललेलं.

“कोन हाय?”

“मी.”

“मी कोन?”

“जनका.”

डाळीतली बोटं थांबली. “भित पडली का वं?”

जनकाबाई पायरी चढल्या. ओट्यावर, जावेच्या शेजारी टेकल्या. वाटी मांडीवर ठेवली. पान बुडवताना लोणी लुगड्यावर सांडलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “खांदा करा इकडं.”

“काऊन? मी का बैल हावो?”

उत्तराऐवजी जनकाबाईंनी पान तिच्या डाव्या खांद्यावर टेकवलं. हळदीचा ओला पट्टा चोळीवर उमटला. पुढचे शब्द जन्मभर तोंडात होते.

“आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.”

गोकर्णाने फाटकाकडे मान वळवली. फाटकाशी कुणीतरी उभं असल्याचं तिला नुसतं पुसट दिसत होतं. कोण ते विचारायची तिला गरज नव्हती. सारिका हातात बॅग घेऊन तिथेच थांबली होती, आत येत नव्हती. मग गोकर्णाने डाळीचं ताट बाजूला सारलं, जराशी वळून बसली, आणि दुसऱ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

“तो नाई वं,” ती म्हणाली. “हा. ह्याच्यावर निजे ते लहानपनी.”

जनकाबाईंनी पान पुन्हा वाटीत बुडवलं.