वीतभर बर्फ

मी आहे एक जुना, पण अजून नोकरीत टिकून असलेला संगणकाचा प्रोग्रॅम. दोन्ही ध्रुवांजवळच्या समुद्रांवर बर्फ किती धरेल आणि किती वितळेल, हे गणिताने सांगणे हे माझे काम. मला ना हात, ना पाय. पण मित्रांनो, उठाठेव मात्र अख्ख्या समुद्राची.

वीस वर्षांपूर्वी काकांनी मला एकेक ओळ लिहून घडवले. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना काका म्हणत. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग उपग्रहांचे फोटो साठत गेले आणि माझे पितळ उघडे पडले. दर उन्हाळ्यात खरा बर्फ भराभर आटे, माझा मात्र हटून बसे. काका निवृत्त झाले, नवे प्रोग्रॅम आले आणि मी अडगळीत गेलो. त्यांची शेवटची विद्यार्थिनी, ताई, तेवढी माझ्यावर काम करत राहिली. मला कायमचे बंद करायचे का, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होते.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तिला सल्ला दिला, "बर्फाचा रंग जरा काळपट धर. ऊन जास्त शोषेल, आकडे जुळतील. कोण बघतंय?"

"उत्तर बरोबर आणि रीत चुकीची? त्याचे शाळेतसुद्धा मार्क कापायचे," ताई म्हणाली.

मला तिचा राग आला, खोटे कशाला सांगू? इथे माझा जीव जायची वेळ आणि हिला रीत सुचत होती.

ती माझी ओळ न् ओळ वाचत गेली. गुरुवारी दुपारी तिला एक ओळ सापडली: बर्फाची जाडी वीतभरापेक्षा कमी होऊ द्यायची नाही. शेजारी काकांनीच टिपून ठेवले होते, 'तात्पुरते'. जाडी शून्यावर आली की मी शून्याने भागायला जाई आणि बंद पडे. म्हणून त्यांनी हे ठिगळ लावले आणि पुढे ते विसरून गेले. म्हणजे इतकी वर्षे माझा बर्फ पुरता वितळूच शकत नव्हता.

ताईने भीतभीतच काकांना फोन केला. तासाभरात ते घरातल्याच चपलांवर हजर झाले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"मला वाटायचं, आपल्याला समुद्रच कळला नाही," ते म्हणाले. "आणि निघालं काय, तर हे एवढंसं?" मग ते पोट धरून हसत सुटले.

दोघांनी भागाकार दुरुस्त केला, ती ओळ काढली आणि मला पुन्हा चालवले. शुक्रवारी सकाळी माझा बर्फ फोटोंतल्या बर्फाच्या बराच जवळ आला. दक्षिण ध्रुवाजवळ मी अजून चुकतो, हेही ताईने बैठकीत सांगून टाकले. तरी मला ठेवून घेतले.

बर्फ झपाट्याने चालला आहे, ही माझी बातमी काही चांगली नव्हती. पण आता मी ती खरी सांगत होतो, म्हणून मला हायसे वाटले.

मित्रांनो, कुणाचे चुकले तर त्याला लगेच मोडीत काढू नका, आणि त्याच्या उत्तराला रंगही फासू नका. चूक कुठे आहे ते शोधा. सापडली की ज्याच्या हातून झाली त्याला आधी कळवा. माझे पितळ उघडे पडले तेव्हापासून काका नकळत त्या एका फोनची वाट पाहत होते.