उंचावरची धार

अनुजाने चिमटीतली रांगोळी चित्रातल्या आजोबांच्या गालावर सोडली आणि श्वास रोखून मागे सरकली. परळच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये उकाडा नुसता मी म्हणत होता, पण पंखा लावायची सोय नव्हती. एक झुळूक आली असती तरी तीन दिवसांची मेहनत मातीत गेली असती, आणि उद्या सकाळी तर प्रदर्शन उघडायचं होतं.

शेजारच्या चौकोनातलं आपलं चित्र संपवून दीपिका रंगांचे डबे आवरत होती. गेली आठ वर्षं दर दिवाळीला दोघी इथे शेजारी-शेजारी बसायच्या. ती उठून अनुजाच्या मागे उभी राहिली.

“आजोबांना एवढं गोरं का केलंस गं?”

“होतेच ते गोरे. घरात सगळे म्हणतात.”

“आणि हा दुसरा काळा, हे कुणी सांगितलं? फोटोत तर दोघं सारखेच दिसतायत.”

फोटो काळा-पांढरा, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. काळाचौकीच्या चाळीत, आत्याच्या लग्नात काढलेला. दौलत आजोबा, गिरणीतले विणकर, उभ्याने तांब्यातून पाणी ओततायत आणि समोर एक माणूस वाकून ओंजळीने पितोय. घरात हा फोटो देवाच्या शेजारी टांगलेला. आजोबांच्या दारातून कुणी तहानलेला परत गेला नाही, हे अनुजा लहानपणापासून ऐकत आलेली. पण तो माणूस कोण, असं विचारलं की बाबा तोंडात मिठाची गुळणी धरायचे. या वेळी फोटो हातात देताना एवढंच म्हणाले होते, “खालचे ते पेलेबिले चित्रात घेऊ नकोस. उगाच गर्दी होते.”

अनुजाने फोटोवर भिंग धरलं. खरंच की, दोघांचा रंग एकच होता, उन्हातान्हात वाढलेल्या कोकणी माणसाचा. मग भिंग खाली सरकलं. आजोबांच्या पायाशी एक पाट, पाटावर सहा पेले, धुऊन पालथे घातलेले. हात लांबवला तर मिळाले असते. आणि तांब्याची धार चांगली दोन हात उंचावरून येत होती.

“अगं बाई,” ती पुटपुटली. “पेले तर अगदी हाताशी होते की.”

दीपिकाने नुसती मान डोलावली.

“तुला कधी दिसलं हे?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“आजोबा तुझे. तू काय करतेस ते बघत होते.” दीपिकाने एका डब्याचं झाकण दाबून लावलं. “आमच्याकडे याचा फोटो नाही. आजी नुसतं सांगायची, असंच वरून ओतायचे म्हणून.”

अनुजाला लाज वाटली. रागही आला, पण कुणाचा ते तिलाच कळेना. तिने सावळा रंग मिसळला आणि आजोबांच्या चेहऱ्यावर हलक्या हाताने भुरभुरला. त्याच डब्यातला रंग समोरच्या माणसालाही लावला. मग पालथी पडून तिने पेले काढले, सहाच्या सहा.

संध्याकाळी बाबा जेवणाचा डबा घेऊन आले. चप्पल काढताकाढताच त्यांची नजर पेल्यांवर गेली. आता बाबा तसेच मागे फिरले, तर या फोटोबद्दल घरात पुन्हा कुणी ब्र काढणार नाही, हे अनुजाला पक्कं ठाऊक होतं.

“सांगितलं होतं तुला,” बाबा म्हणाले.

“हो.”

दीपिका पिशवी उचलून उठायला लागली.

“बस गं,” बाबा तिला म्हणाले. मग गुडघे धरत ते स्वतःच चित्राच्या कडेला खाली बसले. वाकून पिणाऱ्या माणसाकडे त्यांनी बोट केलं.

“भिवा तो,” ते म्हणाले. “गिरणीच्याच सूतखात्यातला. तुझ्या आजोबांचा दोस्त.”

“दोस्त?”

“मग! दर रविवारी यायचा घरी. दोघं तासन्‌तास गप्पा हाणायचे. तो बाहेर पायरीवर, हे आत.”

“तुम्ही काय म्हणायचात त्यांना? भिवाकाका?” अनुजाने विचारलं.

“काका कुठला! मी सात वर्षांचं कार्टं, तो माझ्या बापाच्या वयाचा. तरी ए भिवा, पाणी घे, असं म्हणायचो.” बाबांनी चष्मा पुसला. “ओंजळ चुकली तुझी. हात कोरडे काढलेस.”

त्यांनी शर्टाची बाही वर सारली, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली. मग एका हाताचं बोट दुसऱ्या मनगटापासून कोपरापर्यंत फिरवलं.

“पाणी इथून उतरायचं. इथवर. सदरा पार भिजायचा त्याचा. मी हसायचो.”

“हसायचात?” दीपिकाने विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले.

अनुजाने पांढऱ्या रांगोळीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी चिमूटभर घेतली आणि भिवाच्या मनगटापासून सोडायला सुरुवात केली. सवय नव्हती, त्यामुळे ओघळ वाकडातिकडा उतरला. कोपरापाशी येऊन ते थांबले आणि त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. भिवाचा दुसरा हात राहिला होता.