अनसाबाईची राखण

"काच झाडायची न्हाई अजून," असं म्हणत अनसाबाईनं भागुबाईच्या हातातला खराटा काढून घेतला आणि कुंपणाला उभा करून ठेवला.

मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानात पन्नासेक गाड्या लागल्या होत्या. त्यातल्या कडेच्या एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराची काच फुटून तिचा चुरा खाली पडला होता. आत पंगती बसल्या होत्या, बाहेर ऊन तापलं होतं. कार्यालयाचा मालक सत्यजित, तिशीतला तरुण, घाम पुसत उभा होता.

"मावशी, पाव्हणे जेवून बाहेर येतील. त्यांना दिसायच्या आत साफ करून टाका ना."

"ज्यांची गाडी हाय त्यांनी आधी बघू द्या, शेठ. त्यांच्या माघारी झाडलं तर आपण लपवलं असं व्हईल."

तेवढ्यात गाडीवाले आलेच. केंदूरचं जोडपं होतं. बाई पस्तिशीची, स्नेहल नावाची, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. नवऱ्यानं दार उघडून आत पाहिलं. मागच्या सीटवरची बॅग गेली होती.

"दागिने होते का?" सत्यजितनं विचारलं.

"फाईल होती," स्नेहल म्हणाली. "माझ्या ट्रीटमेंटची, तीन वर्षांची. उद्या सकाळी पुण्याला डॉक्टरांकडे जायचंय. म्हणून इथूनच पुढं जाणार होतो."

ती रडली नाही. वाकून तिनं रिकाम्या सीटवर हात ठेवला, जणू फाईल तिथंच कुठंतरी हाताला लागेल. सीटवर काचा होत्या. अनसाबाईनं तिचं मनगट धरून हात हळूच मागं घेतला. त्या मनगटात काही जीवच नव्हता. सुया टोचून टोचून काळी पडलेली शीर तेवढी अनसाबाईच्या बोटांना लागली.

माणसं जमली. सत्यजितनं फाटकाजवळच्या पाटीकडे बोट दाखवलं. आपल्या वाहनाची जबाबदारी आपली, असं तिच्यावर लिहिलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "राखणीला बाई बसवल्यावर दुसरं काय होणार?"

"मावशी, तुम्ही कुठं होता?" आता सत्यजितनंही सगळ्यांदेखत विचारलं.

"नवरदेवाची मिरवणूक आली तवा तुम्हीच म्हणाला, हायवेवर जाऊन गाड्या थांबवा. पाऊण तास म्या हायवेवर व्हते. तवा हिकडं कुणीच नव्हतं."

सत्यजितचा चेहरा उतरला. अकरा वर्षं ही बाई त्याच्या इथं होती. आधी भांड्यांना, मग जुना राखणदार सोडून गेल्यावर गाड्यांना. या अकरा वर्षांत तिनं उलटं उत्तर दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. आज तिनं ते वऱ्हाडासमोर दिलं होतं, आणि आवाज जराही न चढवता.

दुसऱ्या दिवशी लग्न नव्हतं. अनसाबाईनं पहाटे भाकरी बांधली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं निगाली?" तिचा नवरा भैरू अंगणातल्या बाजेवरून म्हणाला. गुडघे गेल्यापासून त्याचा दिवस त्या बाजेवरच जायचा.

"बाईची फाईल हुडकायला."

"तुला पगार राखणीचा हाय. हुडकायचा न्हाई."

"राखण चुकली म्हणूनच चाललीय."

"चुकली ती तुझी न्हाई, त्या शेठची."

"चोर शेठला फसवून गेला न्हाई. माझ्या जागंवरनं गेलाय."

या बाईचे पाय लहानपणी बापाच्या मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालून आलेले. एकदा निघाली की तिला अडवण्यात अर्थ नसतो, हे भैरूला तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

तिचा हिशोब साधा होता. चोराला दागिने पाहिजेत. डॉक्टरचे कागद तो घरी नेत नाही, वाटेत टाकतो. कार्यालय होतं त्या भांडगावपासून चौफुल्याच्या बाजूनं ती हायवेची कड धरून चालली. गटारी बघितल्या, पुलाखाली वाकून बघितलं, उसाच्या बांधाबांधानं फिरली. ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "काय हरवलं, आजी?" ती म्हणाली, "माझं न्हाई हरवलं," आणि पुढं गेली. संध्याकाळी पाय सुजवून रिकाम्या हातानं परत आली. सकाळी पुन्हा निघाली.

दुपार कलताना कॅनॉलच्या भरावाखाली, वेड्या बाभळीत ती बॅग अडकलेली दिसली. चेन तोडलेली, आतलं सगळं उपसलेलं. फाईल चार हातांवर चिखलात पालथी पडली होती. अनसाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एकावर एक लावलेले ते कागद आणि मधले काळे फोटो पाहून हीच ती फाईल, हे तिला कळलं आणि ती तिथंच भरावावर बसली.

घरी तिनं एकेक कागद सुटा करून दोरीवर वाळवला. सून सुषमानं फाईलवरचा नंबर वाचून फोन लावून दिला.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं शोधायला?" पलीकडून स्नेहलनं विचारलं.

"कुणी न्हाई."

मग स्नेहल म्हणाली, "चूक माझीच झाली. सीटवर तशीच ठेवून गेले."

"चूक चोराची, ताई. तुम्ही लग्नाला आला व्हता. पर ह्यापुढं दिसंल असं काय ठिवू नका."

फाईल न्यायला स्नेहलचा नवरा आला. पोलिसांनी त्याला सांगितलेलं त्यानं अनसाबाईला सांगितलं. हे चोर वऱ्हाडासारखेच नटून येतात. काचेतून बघत फिरतात. बॅग दिसली की बारीक खडा मारतात, मोठा आवाजही होत नाही. काही दिसलं नाही तर पुढच्या गाडीकडं जातात. अनसाबाईनं ते दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या लग्नतिथीला तिनं मैदानाची रीतच बदलली. गाड्या कुंपणाकडं न लावता दोन रांगांत समोरासमोर लावायला लावल्या, म्हणजे मधून चालणारा माणूस दोन्हीकडून दिसतो. आचाऱ्याकडं भाजी निवडणाऱ्या भागुबाईला आणि बाकीच्या बायकांना तिनं भटारखान्याच्या पाठीमागून उठवून मैदानाच्या तोंडाशी सावलीला बसवलं. आणि प्रत्येक गाडी थांबली की ती काचेला डोळे लावून आत बघायची.

"ताई, ती पर्स आत न्या. दादा, लॅपटॉप हाय का त्यात? डिकीत नका टाकू आता. कुणी बघत असंल. संगं घेऊन जा."

काही लोक ऐकायचे. बरेचसे वैतागायचे. एका बाईनं विचारलं, तुम्ही आमच्या गाडीत काय बघताय? एका पाव्हण्यानं सरळ आत जाऊन सत्यजितला सांगितलं, तुमची बाई झडती घेते.

सत्यजितनं तिला ऑफिसात बोलावलं. "मावशी, पाव्हण्यांना त्रास झालेला मला चालणार नाही. लोक दुसरं कार्यालय बघतील."

"काच फुटली की बघत न्हाईत व्हय?"

"तुम्ही खुर्चीवर बसा, शिट्टी वाजवा. एवढंच काम आहे." त्यानं मोबाईल हातात घेतला. "आणि तसंही, शिरूरच्या एका एजन्सीशी बोलणं झालंय. पुढच्या महिन्यापासून त्यांची माणसं येतील, युनिफॉर्मवाली. तुम्ही परत भांड्यांना या. पगार तोच."

अनसाबाईनं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या महिन्यातल्या लग्नाच्या तारखांना लाल गोल केलेले होते.

"किती तिथ्या राहिल्या?"

"तीन."

"मग त्या तीन माझ्या हायत. तवर काचंतनं बघणं काय मी सोडत न्हाई. काढायचं असंल तर आत्ता काढा."

लग्नसराईत ऐनवेळी दुसरं माणूस कुठून आणणार? सत्यजितनं हात जोडल्यासारखं केलं आणि फोन कानाला लावला.

तिसऱ्या तिथीला मोठं लग्न होतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त. गावोगावचे पुढारी आले होते. बाराच्या सुमाराला काळी, उंच गाडी फाटकातून आत आली आणि मारुतराव उतरले. सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीतलं वजनदार माणूस. ड्रायव्हर त्यांच्या मागोमाग जेवायला निघाला. मागच्या सीटवर तपकिरी चामड्याची बॅग तशीच होती.

"आप्पा, तेवढी बॅग आत न्या," अनसाबाई म्हणाली.

मारुतरावांनी वळून पाहिलं. "ही गाडी कुणाची हाय, म्हाईत हाय का तुला?"

"हाय."

"मग? मारुतरावाच्या गाडीला हात लावायची कुणाची छाती हाय?"

"छाती लागत न्हाई, आप्पा. बारका खडा लागतो."

बाजूची दोन माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. मारुतराव फेटा सावरत निघून गेले. बॅग तिथंच राहिली.

अनसाबाईनं आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि त्या गाडीच्या मागच्या दाराला टेकवून ठेवली. भागुबाईनं जेवायला हाक मारली तरी ती उठली नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी मैदानातली उरलीसुरली माणसंही आत पळाली. भाजी निवडणाऱ्या बायका अक्षता टाकायला उठल्या. त्याच वेळी मोटारसायकलवरून दोघं आले. कपाळाला टिळा, कडक सदरे. एकजण गाडी चालू ठेवून फाटकाशी थांबला. दुसरा रांगांमधून चालत, काचांमधून बघत आला आणि काळ्या गाडीपाशी थबकला.

"कुणाकडचं पाव्हणं?" अनसाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"नवऱ्याकडचं."

"नवऱ्याचं नाव काय?"

त्यानं फाटकाकडं बघितलं. वधूवरांच्या नावांचा स्वागताचा फ्लेक्स पाठमोरा होता. "आमचा मित्रच हाय तो," तो म्हणाला.

"मित्राला नाव असंल की."

"म्हातारे, बाजूला हो. गाडीतलं सामान काढायचंय."

अनसाबाई उठली. तिनं पाठ काचेला लावली आणि शिट्टी वाजवली. आत वाजंत्री सुरू झाली होती. तिची शिट्टी तिलाच नीट ऐकू आली नाही.

त्यानं तिचा दंड धरून तिला ओढलं. ती सुटली नाही. उलट तिनंच त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत पकडली, कळपातून निसटणारं मेंढरू धरावं तशी. त्यानं तिचा उजवा हात पिरगाळला आणि दाराच्या कडेवर आपटला. आतून काहीतरी कटकन मोडल्याचं तिला कळलं. तोवर अक्षता टाकून परतणाऱ्या भागुबाईनं ते पाहिलं आणि ती ओरडत, भाजीचं पातेलं उचलून धावली. तिच्या मागं चौघी धावल्या. बाही फाटली. तो माणूस पळाला, मागं बसला आणि मोटारसायकल चौफुल्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. अनसाबाईच्या डाव्या मुठीत सदऱ्याची चिंधी राहिली. उजवा हात मनगटापासून वाकडा लोंबत होता.

माणसं धावत आली. मारुतराव आले, त्यांनी काच बघितली, बॅग बघितली, मग तिचा हात बघितला.

"ड्रायव्हर," ते म्हणाले, "गाडी काढ. बाईला दवाखान्यात न्यायचंय."

"आत्ता न्हाई, आप्पा." अनसाबाईनं पदरानं हात गळ्यात बांधून घेतला. भागुबाईनं गाठ मारली. "आता पंगती उठतील. सगळ्या गाड्या एकदम निगतील. तवाच घोळ व्हतो."

"अगं, हात मोडलाय तुझा."

"डावा चांगला हाय की."

सत्यजित धापा टाकत आला. "मावशी, मी त्या एजन्सीला नको म्हणून सांगतो. आजच सांगतो."

"सांगा, न्हाईतर नका सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज वेदनेनं कापत होता, पण तिनं तो तसाच रेटला. "ते तुमचं तुम्ही बघा. आजचं मैदान माझं हाय."

आत माईकवर पुढाऱ्यांचे सत्कार चालू होते. थोड्या वेळानं माईकवाल्यानं नवंच नाव पुकारलं. "ज्यांनी आज जिवावर उदार होऊन पाव्हण्यांच्या गाड्या राखल्या, त्या अनसाबाई भैरू कोळपे यांनी सत्कार स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर यावं. मारुतरावांच्या हस्ते शाल, श्रीफळ."

तिचं पूर्ण नाव असं मोठ्यानं तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. क्षणभर ती थांबली. मग समोरच्या लाल गाडीला तिनं डाव्या हातानं मागं येण्याची खूण केली.

"येऊ द्या. येऊ द्या. उजवीकडं घ्या थोडं. बास."

माईकवर दुसऱ्यांदा नाव आलं. भागुबाई म्हणाली, "जा की, अनसे. मी बघते हिकडं."

"शाल काय पळून जात न्हाई. गाड्या जात्यात."

तिसऱ्यांदा नाव पुकारून माईकवाला पुढच्या सत्काराकडं वळला. गाड्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडत राहिल्या. ती प्रत्येकीच्या काचेवरून नजर फिरवत होती, आणि मगच हात हलवत होती. काही जण काच खाली करून काही विचारायचे, ती मान हलवायची. मारुतरावांची काळी गाडी मात्र जागची हलली नाही. ते स्वतः आतून परत येऊन पुढच्या सीटवर बसून, बॅग मांडीवर घेऊन, मैदान रिकामं व्हायची वाट बघत राहिले.

चार वाजता शेवटची जीप गेली. धूळ खाली बसली. अनसाबाईनं सगळ्या मैदानावरून एकदा नजर फिरवली, खुर्चीवर बसली आणि पदराची गाठ सैल करून पहिल्यांदाच आपल्या हाताकडं बघितलं. तो कोपरापर्यंत सुजून निळा पडला होता.

"भागे," ती म्हणाली, "आता चल. लई दुखतंय."